ड्रायव्हरच्या झाकणावरची नळी

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. टाळायला फारसे कष्टही पडले नाहीत, कारण कोणी विचारलंच नाही. जिजाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमच्याकडे येईनासे झाले तेव्हा सगळ्यांनी त्यांच्या गुडघ्यांना दोष दिला. दापोऱ्याहून बुऱ्हानपूर शहरात यायचं, मग राजपुऱ्यातल्या आमच्या घराचा उभा जिना चढायचा, या वयात कोणाला झेपणार, असं बायको म्हणाली. भाचाही तेच म्हणाला. मी मान हलवली. जिजाजींच्या वर्षश्राद्धाला तर भाच्याने पंगतीत सगळ्यांसमोर सांगितलं, "आई गेल्यावर बाबांना खरी साथ कोणी दिली असेल तर मामांनी." सगळे माझ्याकडे वळून पाहायला लागले. मी खाली बघून खीर खात राहिलो. म्हणून आता लिहितो आहे. भाच्याने हे वाचलं तर वाचू दे.

मी पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होतो. उभं आयुष्य कालव्यांचे आणि बंधाऱ्यांचे नकाशे काढण्यात गेलं. निवृत्त झालो तेव्हा डोळे शाबूत होते, हात स्थिर होते, आणि त्यांना काही काम नव्हतं. मी घरात दिवसभर काहीतरी दुरुस्त करत बसायचो, न बिघडलेल्या वस्तूसुद्धा. या त्रासाला कंटाळून मुलाने एकदा पार्सलने रणगाड्याचा किट पाठवला. खऱ्या रणगाड्याच्या पस्तिसाव्या भागाएवढा, प्लास्टिकचा, सगळे पार्ट सुटे. उघडून पाहिलं तर चौकटींना लटकलेले शेकडो तुकडे, काही तर तिळाएवढे. मला लहानपणी दिवाळीचा किल्ला करताना व्हायचा तसा आनंद झाला.

हे काम ज्याने केलं नाही त्याला वाटतं, तुकडे जोडायचे, रंग मारायचा, झालं. तसं नसतं. प्रत्येक तुकडा चौकटीपासून कापायचा, कापल्याची खूण पॉलिश पेपरने घासून घालवायची, जोड बुजवायचा, परत घासायचा. चाकांवरच्या पट्ट्याची एकेक कडी वेगळी जोडायची. रंग दिल्यावर तो मुद्दाम खराब करायचा, हा तर सगळ्यात नाजूक भाग. कोपऱ्यांवरचा रंग उडालेला दाखवायचा, नटबोल्टांच्या खाली गंजाचे ओघळ, चाकांवर वाळलेला चिखल. थिनरच्या वासाने बायको वैतागायची. "चांगलं नवं करता आणि मग जुनं करत बसता," ती म्हणायची. "मला सांगितलं असतं तर नुसतं गच्चीवर ठेवलं असतं वर्षभर."

ताई गेली त्यानंतर जिजाजी दर रविवारी आमच्याकडे यायला लागले. दापोऱ्याला त्यांची केळीची बाग होती, भाचा ती पाहायचा. जिजाजी फौजेतून निवृत्त होऊन आले त्याला जमाना झाला होता, पण चालण्यात अजून ती ऐट होती. फौजेत ते रणगाड्यावर तोपची, म्हणजे तोफ चालवणारे, होते हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यापलीकडे काहीच माहीत नव्हतं. ताई म्हणायची, "इतकी वर्षं फौजेत काढली, पण तोंडातून एक गोष्ट निघेल तर शपथ. शेजारचे शिपाई एका सहलीच्या चार लढाया करून सांगतात."

पहिल्या रविवारी ते जिना चढून आले, गमछ्याने तोंड पुसलं आणि माझ्या टेबलाकडे पाहत उभे राहिले.

"काय करून राहिले सालेसाब? म्हातारपणी खेळणी?"

"खेळणं नाही जिजाजी. मॉडेल आहे. हुबेहूब."

"हुबेहूब?" त्यांनी खिशातून चष्मा काढला. बराच वेळ वाकून पाहिलं. मग म्हणाले, "अरे, ही तर आपली गाडी!"

फौजेत रणगाड्याला गाडी म्हणतात हे मला तेव्हा कळलं. डब्यात निघालेला रणगाडा जिजाजींनी ज्यावर नोकरी केली त्याच बनावटीचा होता. मी तो मुद्दाम निवडला नव्हता, मुलानेही नाही. पण त्या दिवसापासून टेबलाच्या पलीकडची खुर्ची जिजाजींची झाली.

आणि ते बोलायला लागले. माझ्याकडे न बघता, त्या अर्धवट गाडीकडे बघत बोलायचे. मागे लाकडाचा ओंडका बांधायचा असतो, गाडी वाळूत रुतली की पट्ट्याखाली घालायला. पाण्याचे कॅन इथे नाही, तिथे, कारण इथे इंजिनाची हवा लागते आणि पाणी चहासारखं गरम होतं. "तसं बरंच होतं, चहा आयताच व्हायचा," असं म्हणून हसायचे. एकदा मी चाकांवर तापीकाठच्या मातीसारखा तांबूस काळा रंग दिला होता. ते म्हणाले, "ही बुऱ्हानपूरची धूळ झाली. राजस्थानातली अशी नसते. ती पिठासारखी. खाताना, झोपताना, तोंडात तीच." मी सगळा रंग पुसून परत दिला.

गाडीवर सामान बांधायला बारीक दोर हवा होता. शिवणाचा दोरा फार गुळगुळीत दिसत होता. पुढच्या रविवारी जिजाजींनी कागदाच्या पुडीतून केळीच्या खोडाचा धागा आणला, स्वतः सोलून, वाळवून, केसासारखा बारीक केलेला. त्याला पीळ दिला की खरा दोर वाटायचा. मी पाठवलेल्या फोटोत तो दोर पाहून इंदूरच्या एका मॉडेलवाल्याने मला फोन करून विचारलं होतं, कुठल्या देशातून मागवला. जिजाजींना सांगितलं तर किती तरी दिवस ते पुरलं. "सांग त्याला, दापोरा नावाचा देश आहे."

त्यांच्या खुर्चीवर मी आता कोणाला बसू देत नाही असं लिहिलं तर छान वाटेल, पण ते खरं नाही. तिथे इस्त्रीचे कपडे पडलेले असतात.

आता जे सांगायचं त्याकडे येतो.

या मॉडेलात रणगाड्याचा वरचा भाग, ज्यात तोफ असते आणि ज्याला ते टरेट म्हणायचे, तो नुसता खोबणीत बसवायचा असतो. चिकटवायचा नसतो. बोटाने ढकलला की फिरतो, तोफेची नळी पाहिजे तिकडे वळवता येते. मला ती नळी थोडी डावीकडे आणि जरा खाली झुकलेली आवडायची. समोरून पाहिलं की गाडी चालून येते आहे असं वाटायचं. मी तशी ठेवायचो. जिजाजी आले की बसण्याआधी एका बोटाने ती सरळ करायचे, नाही तर उजवीकडे न्यायचे. दर रविवारी.

"नळी झाकणावर नको ठेवत जाऊ," एकदा ते म्हणाले.

"कोणत्या झाकणावर?"

त्यांनी दाखवलं. गाडीच्या पुढच्या बाजूला, डावीकडे, एक छोटं झाकण होतं. "हे ड्रायव्हरचं. नळी अशी वर आली की झाकण उघडत नाही. ड्रायव्हर बाहेर कसा येईल?"

मी हसलो. "जिजाजी, आत कोणी नाही. पोकळ आहे."

तेही हसले. पण नळी उजवीकडे नेली.

मला याचा राग यायला लागला. आता लिहिताना लाज वाटते, इतक्या क्षुल्लक गोष्टीचा राग. टरेटवर दिव्याच्या ज्योतीवर प्लास्टिक ताणून केलेली केसाएवढी अँटेना होती, पितळी तारेची बारीक कडी होती. जिजाजींची बोटं जाड होती, शेतातली. फिरवताना त्यांनी अँटेना तोडली. मी नवी केली. तीही वाकली. मी काही बोललो नाही, पण मनात साठवत गेलो. आणखी एक गोष्ट होती, जी मी कोणाजवळ कबूल केलेली नाही. लोक घरी यायचे आणि मॉडेल पाहून जिजाजींना प्रश्न विचारायचे. खरा फौजी समोर असताना माझ्या घासण्या-रंगवण्याला कोण विचारतो? ते काम माझं होतं. टेबल माझं होतं.

इंदूरची मॉडेलवाली मंडळी एका रविवारी बुऱ्हानपूरला येणार होती, फोटो काढायला. त्याच्या आदल्या दिवशी मी टरेटच्या खोबणीत गोंद सोडला. नळी मला आवडते तशी ठेवली, डावीकडे, खाली, बरोबर ड्रायव्हरच्या झाकणावर. हा गोंद चिकटवत नाही, प्लास्टिक वितळवून दोन्ही तुकड्यांचा एक करतो. नंतर मी बायकोला सांगितलं की फोटोसाठी केलं. फोटोसाठी चिकटवायची गरज नव्हती. जिजाजींना ती फिरवता येऊ नये म्हणून चिकटवली, आणि त्यांना नको असलेल्या जागीच चिकटवली. गोंद सोडताना मनात काय होतं ते मला लख्ख आठवतं. आता फिरवा म्हणावं.

पाहुणे आले. तरुण मुलं होती, मोठमोठे कॅमेरे घेऊन. खोली भरून गेली. थोड्या वेळाने जिजाजी आले, हातात मावा-जिलेबीचा पुडा. पाहुण्यांसाठी आणला होता. पुडा बायकोकडे दिला, सगळ्यांना रामराम केला आणि नेहमीसारखे टेबलापाशी येऊन उभे राहिले. बोट नळीला लावलं.

फिरली नाही.

त्यांना वाटलं अडकली असेल. थोडा जोर लावला. मग दुसरा हात गाडीवर ठेवून जास्त जोर लावला. मी समोरच होतो. "राहू द्या जिजाजी," एवढं म्हणायला मला वेळ होता. मी म्हणालो नाही. बघत राहिलो. त्यांचा चेहरा बदलत गेला. हट्टाला पेटलेल्या माणसाचा चेहरा, असं मला त्या वेळी वाटलं. नळी मुळाशी कट्दिशी तुटली आणि त्यांच्या हातात आली.

"अंकलजी ने तो टँक ही उडा दिया!" एक मुलगा म्हणाला, आणि सगळे हसले. जिजाजीही हसले. कसंनुसं.

मी हसलो नाही. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "खेळणं समजलात का तुम्ही? हात लावल्याशिवाय राहवत नाही? शेतात जाऊन केळी सांभाळा, इथलं राहू द्या."

जिजाजींनी नळी टेबलावर ठेवली, अगदी हळू, जशी काही ती आणखी तुटली असती. "बरं," म्हणाले. गमछा खांद्यावर टाकला. बायको चहा घेऊन येत होती, तिला म्हणाले, "आज नको. शेतात पाणी सोडायचं आहे." जिन्यावर त्यांची पावलं बराच वेळ ऐकू येत होती. गुडघे खरंच दुखत असावेत.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. बायकोने फोन केला तर म्हणाले, गुडघा. मला सुटल्यासारखं वाटलं. हेही खरं आहे, म्हणून लिहितो.

बऱ्याच महिन्यांनी भाच्याने दापोऱ्याला नवं घर बांधलं. वास्तुशांतीला आम्ही गेलो. जिजाजी अंगणात खुर्चीवर बसले होते, मला पाहून म्हणाले, "या सालेसाब," आणि शेजारची खुर्ची दाखवली. मी बसलो, पण लगेच काही कामाचं निमित्त काढून उठलो. जेवायला बसलो तर शेजारी तुकईथड गावचे एक म्हातारे गृहस्थ आले. जिजाजींच्याच रेजिमेंटला मेकॅनिक होते.

"तुम्ही रणगाडे बनवता म्हणे," ते म्हणाले.

"छोटे. प्लास्टिकचे."

"आणि हे येऊन बसायचे तुमच्यापाशी? मला पटलं नव्हतं. आमच्यासमोर तर हा माणूस गाडीचं नावही काढत नाही. त्या ड्रायव्हरचं झाल्यापासून."

"कोणत्या ड्रायव्हरचं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला माहीत असेल असं त्यांनी धरलं होतं. मग हातातली पुरी पानात ठेवून त्यांनी हळू आवाजात सांगितलं. लढाई नव्हती, सराव होता, राजस्थानकडे. इंजिनाला आग लागली. बिजली गेली. नळी तेव्हा डावीकडे होती, बरोबर ड्रायव्हरच्या झाकणावर. ड्रायव्हर आतून झाकण ढकलतो आहे, उघडत नाही. बिजली गेली की टरेट हाताने फिरवावा लागतो, तोपचीपाशी एक चाक असतं त्यासाठी.

"तोपची हेच," गृहस्थ म्हणाले. "गाडी भरून धूर. हे चाक फिरवत बसले. बाकीचे ओरडून राहिले, निकलो, निकलो. हे निघेनात. शेवटी वरून दोघांनी काखेत हात घालून ओढलं यांना. नळी झाकणावरून सरकायला थोडीशीच राहिली होती. इतकी." त्यांनी बोटांनी दाखवलं. "आतच राहिला तो मुलगा. आपल्या इकडचाच होता हो. यांनीच त्याला गाडी शिकवली होती."

मला पुढचं जेवण आठवत नाही. आठवतो तो माझ्या टेबलापाशी उभ्या असलेल्या जिजाजींचा चेहरा, एक हात गाडीवर, दुसऱ्याने नळी ढकलणारा, आणि ती न सरकणारी. हट्ट नव्हता तो. आणि मी समोर उभा राहून पाहत होतो, कारण न सरकण्याची सोय मीच केली होती.

त्याच दिवशी बोलायला हवं होतं. अंगणात ते एकटेच होते. पण घरात पाहुणे होते, पंगती चालल्या होत्या, आणि मी स्वतःला समजावलं की अशा दिवशी अशा गोष्टी काढू नयेत.

मग मी मला येतं ते केलं. घरी येऊन मॉडेल काढलं. बारीक करवतीच्या पात्याने टरेट खोबणीपासून कापून सोडवला, कडा घासल्या, तुटलेली नळी आतून पितळी सळई घालून परत बसवली, जोड रंगवला. इतकं मन लावून मी ते मॉडेल पहिल्यांदा बनवतानाही काम केलं नव्हतं. टरेट पहिल्यापेक्षा हलका फिरायला लागला. माझी कल्पना अशी होती की मी ते घेऊन दापोऱ्याला जाईन, त्यांच्यासमोर ठेवीन, ते फिरवून पाहतील, आणि मग मला काही बोलावं लागणार नाही.

बुटांच्या खोक्यात घालून नेलं. जिजाजी ओसरीवर होते. भाच्याची छोटी मुलगी तिथेच खेळत होती. मी खोकं उघडलं, गाडी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गाडीकडे नाही, माझ्याकडे. ते वाट पाहत होते. आता बोलणं एवढंच उरलं होतं, आणि माझ्या तोंडातून निघालं, "पोरीला खेळायला आणलं."

पोरगी धावत आली आणि गाडी उचलून घेऊन गेली.

जिजाजींनी तिच्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाले, "चांगलं केलं. चहा घेशील ना?"

आम्ही चहा घेतला. केळीच्या भावाविषयी बोललो, थंडीने घड कसे बारीक राहिले त्याविषयी. सून चहाचे कप न्यायला आली तेव्हा मी निघालो.

त्यानंतर मी अधूनमधून जात राहिलो. भाचा म्हणतो ती साथ म्हणजे हेच. ते कधी मागचं काही बोलले नाहीत, कधी टोमणाही मारला नाही. सालेसाब म्हणायचे. पण फौजेविषयी परत एक शब्द काढला नाही. आयुष्यभर बंद ठेवलेलं त्यांनी माझ्या टेबलाशी जरा उघडलं होतं, आणखी काही रविवार मिळते तर कदाचित त्या मुलाचं नावही त्यांनी सांगितलं असतं. ते नाव मला आजही माहीत नाही. तुकईथडच्या गृहस्थांना विचारायचं धाडस झालं नाही आणि आता तेही नाहीत.

शेवटी त्यांना शहरातल्या दवाखान्यात आणलं. छातीत पाणी झालं होतं. भाचा औषधं आणायला खाली गेला आणि खोलीत आम्ही दोघंच राहिलो. त्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"नवीन काय बनवून राहिले?"

"काही नाही जिजाजी. सध्या बंद आहे."

"बंद नको करू. हात चांगला आहे तुझा."

मी त्यांचा हात धरला होता. शब्द तयार होते. दापोऱ्याच्या रस्त्यावर जाता-येता मी ते मनात इतक्यांदा म्हटले होते की पाठ झाले होते. मी तोंड उघडलं, आणि भाचा आत आला. त्याच्यासमोर बोलायला काही हरकत नव्हती. मी म्हणालो, "आराम करा, उद्या येतो." दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा दवाखान्याच्या दारात भाचा कोणाला तरी फोन करत उभा होता, आणि त्याच्याकडे पाहूनच मला कळलं.

जे बोलायचं होतं ते असं होतं. जिजाजी, ती नळी अडकली नव्हती, मी चिकटवली होती. तुम्हाला फिरवता येऊ नये म्हणून चिकटवली, आणि तुम्ही जोर लावत होतात तेव्हा मी मुद्दाम गप्प राहिलो. मला त्या मुलाचं माहीत नव्हतं, पण तुम्ही नको म्हणाला होतात, तेवढं पुरेसं होतं. केळी सांभाळा म्हणालो, ते परक्या पोरांसमोर म्हणालो. तुमची काही चूक नव्हती. तिथेही नव्हती, इथेही नव्हती. मला माफ करा, आणि रविवारी या.